पाणंद संपते तिथे एकदा थांबा



गळीत हंगाम तोंडावर आला की शेतकी विभागाचे पत्रक तुमच्या हाती पडते. ऊस जमिनीलगत तोडा, वाढे मोळीत येऊ देऊ नका, पाचट पेटवू नका, तोडलेला ऊस फडात वाळू देऊ नका. हे सारे तुम्हाला वाचून पाठ झाले आहे आणि आम्हाला लिहून पाठ झाले आहे. यंदा मात्र विषय वेगळा घेतला आहे. फड आणि काटा यांच्यामध्ये जो रस्ता आहे, त्या रस्त्यावर ऊस गाडीत ठेवणारा दोर, हा तो विषय. किरकोळ वाटेल. पण लेख शेवटपर्यंत वाचावा आणि तरीही किरकोळ वाटला तर गट कार्यालयात येऊन आम्हाला तसे तोंडावर सांगावे.

याला निमित्त झाले मुंबईतल्या वडाळ्याचे.

गेल्या पावसाळ्यात मिलचा एक रोलर दुरुस्तीस गेला होता. तो तयार होऊन वडाळ्यास एका गोदामात आला होता आणि तेथून ट्रेलरवर चढवून कारखान्यावर आणावयाचा होता. स्टोअरचे गृहस्थ आजारी पडले, म्हणून ही कामगिरी आमच्या गळ्यात आली. उसातला माणूस लोखंडात जाऊन काय करणार, असे मनात आले होते. पण गेलो ते बरे झाले.

वडाळा म्हटले की आपल्याकडच्या माळकरी मंडळींना तेथील विठ्ठलाचे देऊळ आठवते. पंढरपूरला जाणे न जमलेले मुंबईकर आषाढीला तेथे रांगा लावतात. जुन्या माणसांना १९३० सालचा वडाळ्याच्या मिठागरावरील सत्याग्रह ऐकून माहीत असेल. वडाळ्याची तिसरी ओळख मालवाहतुकीची आहे. १९१५ साली मुंबई बंदराची स्वतःची रेल्वे सुरू झाली. गोदीतला माल वडाळ्याच्या यार्डात यायचा आणि तेथून देशभरच्या रेल्वेला मिळायचा. पुढे मालाने रूळ सोडून रस्ता धरला. जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांत ट्रकांची कोंडी होऊ लागली, तेव्हा वाहतूकदारांच्या कचेऱ्या आणि गोदामे तेथून हलविण्यासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने वडाळ्यास ट्रक टर्मिनल उभारले. आता त्याच्या आजूबाजूला उंच इमले उठले आहेत. मुंबई पूर्व विभागाचे, म्हणजे एम. एच. ०३ चे, परिवहन कार्यालयही तेथेच आहे.

तेथे आमच्या सौभाग्यवतींचे चुलते भेटले. सारे त्यांना तात्या म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. आपल्याच भागातले. १९६९ साली माथाडी कायदा झाला. घाटावरून मुंबईला गेलेल्या कितीतरी हमालांच्या कष्टाला त्या कायद्याने मोल आले. तात्या त्यानंतरच्या पिढीतले. पाठीवर पोती वाहिली, मग टोळीचे मुकादम झाले. आता साठी ओलांडली आहे, पण जड नग चढवायचा असला की अजून त्यांना बोलावणे येते.

चलनावर रोलरचे वजन सुमारे १० टन लिहिले होते. क्रेनने तो ट्रेलरच्या सपाट हौद्यावर ठेवला. ड्रायव्हर तरुण पोरगा होता. त्याने दोन साखळ्या वरून टाकल्या, आवळल्या आणि हात झटकले. आम्हाला वाटले, झाले काम. तात्या मात्र गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "सोड त्या साखळ्या. आधी खाली बघ."

आम्ही विचारले, "तात्या, साखळी चांगली जाड आहे की. एवढी धरणार नाही का?"

ते हसले. "जावईबापू, साखळी माल धरती असं वाटतंय व्हय तुम्हास्नी? वरनं टाकलेली साखळी नुसती दाबती. धरती ती खालची फळी. अन् गोल नगाला फळी बी धरत न्हाय, त्याला पाचरच पायजे."

आपण सारे शेतकरी येथेच चुकतो, म्हणून हे नीट समजून घेऊ. मालावरून दोर टाकून खाली आवळला की माल हौद्यावर दाबला जातो. दाबल्यामुळे माल आणि फळी यांच्यात घर्षण वाढते आणि त्या घर्षणाने माल जागेवर राहतो. लाकडी फळीवर लाकडी पेटी असेल तर वजनाच्या साधारण चार दशांश इतका जोर घर्षण पेलते. लोखंडावर लोखंड असेल तर त्याच्या निम्मा. त्यात तेल किंवा पाणी असले तर तोही नाही.

आता गाडीने करकचून ब्रेक मारला तर माल किती जोराने पुढे जाऊ पाहतो? युरोप-अमेरिकेतल्या नियमांत यासाठी वजनाच्या आठ दशांश जोर धरतात. वळणावर बाजूला फेकणारा जोर निम्म्या वजनाइतका धरतात. म्हणजे १० टनांच्या पेटीला पुढे ८ टनांचा आणि बाजूला ५ टनांचा रेटा. फळीने त्यातले ४ टन पेलले तर पुढचे उरलेले ४ टन कोणी धरायचे? पुढची भिंत किंवा ठोकळे असतील तर ते धरतील. नसतील तर तो रेटा ड्रायव्हरच्या पाठीवर येतो.

"मग साखळ्या आणखी आवळल्या तर?" आम्ही विचारले. तात्यांनी शेजारच्या गाडीवरचा पिवळा पट्टा दाखवला. हल्ली दोराऐवजी पॉलिस्टरचे रुंद पट्टे वापरतात आणि दात्यांचा दांडा वर-खाली करून ते आवळतात. पट्ट्याला शिवलेल्या चिठ्ठीवर तो किती भार सोसतो ते लिहिलेले असते. समजा त्यावर अडीच टन आहे. पण पट्टा अडीच टन सोसतो याचा अर्थ तो अडीच टनाने दाबतो असा नव्हे. साध्या दांड्याने हाताने आवळल्यावर त्यात ताण येतो तो साधारण ३०० किलोचा. बैलाचा कासरा दोन बैलांची ओढ सोसतो, म्हणून कासरा काही गाडी ओढत नाही. तसेच हे.

त्यातही पट्टा किती उभा आहे, हे पाहावे लागते. उभा खाली उतरला तर सगळा ताण दाबण्याच्या कामी येतो. ३० अंशांइतका आडवा झाला तर निम्माच येतो. म्हणून बुटक्या, रुंद मालावरून टाकलेला पट्टा दिसायला कडक असतो, पण त्याचे काम थोडे. अशा मालाला पुढून-मागून आणि बाजूंनी थेट बांधावे लागते.

रोलरचे मग तसेच केले. खाली लाकडी बैठक, दोन्ही बाजूंना पाचरी ठोकून खिळवलेल्या, पुढे आडवा ठोकळा, मग चार कोपऱ्यांकडे तिरप्या चार साखळ्या आणि सर्वात शेवटी वरून दोन. जेथे धार होती तेथे साखळीखाली जुन्या टायरचा तुकडा. तासभर गेला. ड्रायव्हरचा चेहरा उतरला होता. तो तात्यांच्या लक्षात आला असावा. "बाबा, बोरघाट उतरताना किंवा चढताना गुंडाळी सुटल्याच्या बातम्या वाचतोस ना? त्या गाड्याबी कुणीतरी बांधल्याच हुत्या," एवढेच ते म्हणाले.

पलीकडे साखरेच्या पोत्यांचा एक ट्रक उभा होता. साखर म्हटल्यावर आमचे लक्ष गेलेच. पोती विटांच्या बांधकामासारखी सांधे चुकवून रचली होती, वरचे थर आत घेतले होते. तात्या म्हणाले, तागाचे पोते एकमेकाला धरते, प्लॅस्टिकचे पोते घसरते, त्यामुळे प्लॅस्टिकच्या थप्पीला दोर जास्त लागतात. आपल्याच कारखान्याच्या गोदामात वर्षानुवर्षे पोती पाहून ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती.

आणि मग आम्हाला ऊस आठवला. उसाच्या कांडीवर मेणाचा पांढरा थर असतो, तो तुम्ही रोज बोटाने पुसता. म्हणजे आपला माल मुळातच घसरणारा. तो गोल, लांब, बुडख्याशी जाड आणि शेंड्याकडे बारीक. दोन मोळ्यांच्या मध्ये पोकळी. गाडी हलली की मोळ्या एकमेकांत बसतात आणि भार खाली दबतो. भार दबला की दोर आपोआप सैल होतो. कोणी सोडावा लागत नाही.

आमचा रोलर निघताना तात्यांनी ड्रायव्हरला शेवटचे सांगितले ते हेच. "वाशीचा पूल उतरलास की जागा बघून थांब. एकेक साखळी हातानं हलवून बघ अन् पुन्हा आवळ."

"तात्या, आत्ताच तर आवळली."

"माल बसतो रं. माल बसला की साखळी लांब हुती."

गावी आल्यावर आम्ही अमेरिकेचे ट्रकचे नियम वाचावयास घेतले. तेथे लिहिले आहे की, माल बांधून निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत ड्रायव्हरने थांबून बांधणी तपासावी आणि पुढे दर तीन तासांनी किंवा १५० मैलांनी पुन्हा तपासावी. बांधण्याच्या साहित्याची एकूण ताकद मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी नसावी, हेही त्यात आहे. तात्यांनी हे नियम पाहिलेले नाहीत. त्यांनी पाठीवर माल वाहिला आहे, तेवढ्यावर ते त्याच ठिकाणी पोचले.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही, याचा आम्ही बरेच दिवस विचार केला.

पुष्कळ वर्षे झाली. आम्ही नुकतेच कामाला लागलो होतो आणि तोडणी प्रोग्रॅम पाहत होतो. एका संध्याकाळी मिल 'नो केन'ला येईल असा निरोप आला. फडातून एक गाडी भरून पाणंदीने खडखडत बाहेर आली. ड्रायव्हर अनुभवी होता. डांबरी रस्त्याच्या तोंडाशी गाडी थांबवून तो म्हणाला, "साहेब, दोर ढिला वाटतोय, पाच मिनिटं द्या." आम्ही मोटारसायकलवर होतो. आम्ही म्हणालो, "कारखाना पाच कोसांवर आहे, काही होत नाही. चल." त्याने आमचे ऐकले.

ओढ्याच्या वळणावर वरचा थर सरकला. मागून सायकलवर शाळेचा एक मुलगा येत होता. जीव वाचला. पाय मात्र तीन ठिकाणी मोडला आणि आखूड राहिला. आज तो मुलगा बापाच्या जागी आपला सभासद आहे. त्याच्या उसाची नोंद दरवर्षी आम्हीच घेतो. त्या दिवशी ड्रायव्हरला चल कोण म्हणाले होते, हे त्याला ठाऊक आहे. त्याने आजवर एका शब्दाने विचारलेले नाही. हा अंक त्याच्याही घरी जाईल.

त्या दिवशी चूक ना दोराची होती, ना ड्रायव्हरची. ती घाईची होती, आणि घाई आमची होती. म्हणून हा लेख ड्रायव्हर मंडळींना उपदेश करण्यासाठी नाही. वाहतुकीचा पैसा टनावर मिळतो, खेपा वाढल्या तर चार पैसे जास्त सुटतात. त्यांच्या मागे आपणच लागतो. "आज माझा ऊस गेलाच पाहिजे" हे फडावर उभे राहून म्हणतो तो सभासद असतो, आणि "लवकर चला" हे म्हणतो तो आमचा माणूस असतो. तोडलेला ऊस वाळून वजन घटते हे खरे आहे. पण ते तासांनी घटते, पाच मिनिटांनी नव्हे. उलट रस्त्यावर पडलेल्या मोळीचे वजन कोणताही काटा देत नाही.

तेव्हा या हंगामात एवढे पाळू या.

१. भरताना बुडखे एकाच बाजूला येऊ देऊ नका. बुडखे आणि शेंडे आलटून-पालटून लावले तर भार एका अंगाला कलत नाही. वरचे थर आत घ्यावेत आणि माथा कासवाच्या पाठीसारखा ठेवावा. सपाट माथ्यावरचा कडेचा ऊस दोराखाली येतच नाही.

२. आर. सी. पुस्तकात लिहिले आहे त्याहून जास्त भरू नका. गाडी पेलते म्हणजे ब्रेक पेलतो असे नाही. वेग दुप्पट झाला तर थांबायला चौपट अंतर लागते, हेही विसरू नका.

३. दोर एकच लांब घेऊन नागमोडी फिरवू नये. तो एका जागी तुटला की सगळाच गेला. पुढे, मध्ये आणि मागे असे वेगवेगळे बांधावेत. लांब नगाला दर १० फुटांस एक बंध जादा, हा अंदाज चांगला.

४. झिजलेला, उन्हाने कडक झालेला दोर गोठ्यात ठेवावा, गाडीवर नको. पट्टा असेल तर त्याला गाठ मारू नये, गाठीने त्याचे बळ निम्म्याच्या आसपास येते.

५. भार रस्त्यावरच्या विजेच्या तारांखालून जाणार आहे, हे भरतानाच ध्यानात घ्यावे. माथ्यावर माणूस बसवू नये, दोर धरायलासुद्धा नाही.

६. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतील तर मागच्या ट्रॉलीची पिन, पिनेची चावी आणि जोडीची साखळी पाहूनच निघावे. मागे लाल रिफ्लेक्टर असावा आणि उसाच्या शेंड्यांनी तो झाकला जाऊ नये. अंधारात उभ्या गाडीवर धडकून माणसे जातात, ती आपल्याच गावांची असतात.

७. पाणंद संपते आणि डांबरी रस्ता लागतो, तिथे एकदा थांबावे. ड्रायव्हरने खाली उतरून प्रत्येक दोर हाताने हलवून पाहावा आणि पुन्हा आवळावा.

यातले सातवे सर्वात महत्त्वाचे. अमेरिकेचे ५० मैल आपल्या उपयोगाचे नाहीत. आपली सारी खेपच त्याहून कमी. पण पाणंदीच्या खाचखळग्यांतून, पाटाच्या चढ-उतारावरून गाडी बाहेर आली की भार जेवढा बसायचा तेवढा बराचसा बसलेला असतो. पुढे रस्ता चांगला लागतो आणि वेग वाढतो. म्हणजे दोर सर्वात सैल असतो नेमक्या त्या जागी आपण गाडी सर्वात जोरात सोडतो. तेथे पाच मिनिटे थांबले तर वर्षानुवर्षांचा धोका कमी होतो. याला खर्च नाही, परवानगी नाही, ठराव नाही.

कायद्याविषयी दोन शब्द. "आमची गाडी शेतीची, आम्हाला कोण अडवतो" असे काही मंडळी म्हणतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीलाही मोटार वाहन कायदा लागू आहे. १९८८ च्या या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यातील कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनास २ हजार रुपये दंड लिहिला आहे, शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च वेगळा. माल बाजूला, पुढे, मागे किंवा मर्यादेपेक्षा उंच निघाला तर त्यालाही २० हजारांचा दंड आहे. ट्रकच्या मागे लोखंडी सळ्या बाहेर काढून नेण्याची पूर्वी जी मुभा होती ती २०१४ साली गेली, कारण त्या सळ्यांनी मागच्या गाड्यांतील माणसे मारली गेली. उसाचे बुडखे सळईइतके टोकदार नसतील, पण रात्री मोटारसायकलवाल्याच्या छातीला दोन्ही सारखेच.

मात्र दंडाच्या भीतीने दोर आवळला जात नाही, असा आमचा अनुभव आहे. दंड करणारा रोज रस्त्यावर नसतो. रस्त्यावर रोज असतात ती शाळेची पोरे, बाजाराला निघालेल्या बाया आणि दूध घालून परतणारी माणसे.

रोलर दुसऱ्या दिवशी दुपारी सुखरूप आला. वाशीच्या पुलापलीकडे थांबला होतास का, असे आम्ही ड्रायव्हरला विचारले. तो म्हणाला, "थांबलो होतो साहेब. दोन साखळ्या हाताने हलत होत्या." वडाळ्याला आमच्या डोळ्यांदेखत तासभर खपून बांधलेल्या त्या साखळ्या. तोच रोलर येत्या हंगामात तुमचा ऊस दाबील.

तेव्हा सभासदहो, हंगामात तुमच्या फडावरून गाडी निघेल तेव्हा तुम्ही बांधावर असालच. गाडीबरोबर पाणंदीच्या तोंडापर्यंत चार पावले चालत जा. ड्रायव्हर थांबला तर त्याला घाई करू नका. नाही थांबला तर हात करून थांबवा. आणि आमच्या खात्याचा कोणी माणूस तेथे मोटारसायकलवर बसून "चल, चल" म्हणत असेल, मग तो आम्ही स्वतः का असेना, तर त्याला खुशाल सांगा, "साहेब, पाच मिनिटं द्या."

आपला,
ऊस विकास अधिकारी